नकाशाबाहेरचं माहेर

पक्का रस्ता संपला तशी जीप आपोआप थांबली. "पुढे गाव नाही. दुसरं ठिकाण निवडा," आतला आवाज म्हणाला.

बरीच वर्षं एकही मूल जन्मलं नाही म्हणून कारवीवाडी नकाशातून काढून टाकली होती, आणि नकाशाबाहेर गाड्या जात नसत.

"माहेर काय निवडता येतं?" सात महिन्यांची गरोदर मंदा पुटपुटली.

पहिल्या बाळंतपणासाठी तिला न्यायला आलेल्या रंजनावहिनीने आवाजाची वायर उपटली. दगडांवर पकड यावी म्हणून चारही चाकांतली हवा कमी केली आणि भंगारातून आणून बसवलेलं स्टिअरिंग घट्ट धरलं.

"वहिनी, परत खाली येता येईल ना?"

"आपण कशाला यायचं? बारसं होऊ दे. मग नकाशाला झक मारत वर यावं लागेल."