जत्रेला ये

आमच्या वाडीला रस्ता नाही. आजारी माणसाला डोलीत घालून डोंगर उतरवायला चौघं लागतात, आणि उचलणारी पोरं सगळी आळेफाट्याला, कुणी गॅरेजात, कुणी हॉटेलात. मागं उरलोय ते आम्ही, डोलीत बसायच्या वयाचे.

शेजारच्या लंकाबाईला मुलाचा, रामनाथचा फोन आला की तिचं एकच, "मी बरी हाय. तू जत्रंला ये, बाकीच्या पोरांनाबी घिऊन ये."

चैत्रात जत्रेला सगळी आली. लंकाबाईनं पंगत बसवून मासवडी वाढली, स्वतः मात्र घासही घेतला नाही. सगळ्यांचे हात धुवून झाल्यावर ती भिंतीला टेकली.

 

"रामनाथ, आता डोली काढ बाबा. शिमग्यापासनं पोटात लई दुखतंय, पन उचलायला चौघं व्हती कुठं?"