अस्सल जुनी पँट

“पँट काढ,” मॅनेजर म्हणाला.

भावोजींनी इकडेतिकडे पाहिलं. या कारखान्यात माणसाला कामावरून काढतात हे त्यांना माहीत होतं. पँट काढायची पद्धत नवी होती.

“तुझीच रे. मॅडमना आवडलीये.”

मॅडम माल घेणाऱ्या कंपनीच्या होत्या. पुढच्या मोसमाची जीन्स पसंत करायला आल्या होत्या आणि सकाळपासून एकही नमुना त्यांना पटला नव्हता. या खोलीतलं काम एवढंच, की कोऱ्या करकरीत जीन्स घासून घासून जुन्या करायच्या. हवेने फुगवलेल्या रबरी पायांवर पँट चढवायची, पॉलिश पेपरने गुडघे खरवडायचे, मग पोटॅशचं पाणी फवारून रंग उडवायचा. रबरी पायांवर मालक खूश असायचा. त्यांना कमरेच्या वर काही नव्हतं, त्यामुळे ते खोकत नसत.

भावोजी खोकत. निळं थुंकत. त्यांचा मेहुणा शेजारच्याच पायांवर काम करायचा आणि दर आठवड्याला त्यांच्यासाठी मास्क मागायला जायचा. “मास्क लावला की हात मंदावतो,” मॅनेजर सांगायचा. तोंडाचा आणि हाताचा हा संबंध कुठल्याही डॉक्टरच्या ध्यानात आला नव्हता.

आता भावोजी कमरेला अस्तराचं कापड गुंडाळून उभे होते, आणि मॅडम त्यांची पँट उजेडात धरून हरखून गेल्या होत्या.

“हा डाग कसा पडला?”

“पोटॅश सांडलं, मॅडम. मांडी भाजली होती.”

“सुंदर. आणि हे गुडघे?”

“या पायांपुढे गुडघे टेकूनच बसावं लागतं ना दिवसभर.”

“बघा!” मॅडम मॅनेजरवर उखडल्या. “तुमच्या मालात नेमकं हेच नाहीये. गिऱ्हाइकाला आता खरेपणा लागतो.”

मेहुण्याला राहवलं नाही. “मग गिऱ्हाइकालाच पाठवा की इकडे! बसू दे भावोजींच्या जागी. पँट आपोआप जुनी होते. आतला माणूसही होतो, तो फुकटात.”

सगळ्यांचे हात थांबले. भावोजी अस्तर सावरत पुटपुटले, “तुझ्या बहिणीला काय सांगू आता? नवऱ्याची पँट गेली आणि भावाची नोकरी?”

मॅडम मात्र मेहुण्याकडे टक लावून बघत होत्या.

“कल्पना चांगली आहे,” त्या म्हणाल्या.

चांगलीच निघाली. महिन्याभरात तिकीट काढून गिऱ्हाइकं यायला लागली. दुकानातून नवी जीन्स विकत घ्यायची, इथे येऊन ती स्वतःच्या हाताने दहा मिनिटं घासायची, फोटो काढायचा. भावोजींची पँट दाराशी काचेच्या पेटीत लागली. बदल्यात त्यांना नापास मालातली एक मिळाली. फारच नवी दिसते म्हणून नापास झालेली.

गिऱ्हाइकांच्या आधी मास्कचं खोकं आलं. भावोजींनी त्यातला एक लावलासुद्धा. मॅनेजरने तो अलगद, जवळजवळ मायेने उतरवला. “पाहुण्यांचे आहेत. त्यांना धुळीची सवय नसते.”

पहिल्याच तुकडीतली एक मुलगी भावोजींच्या शेजारी बसली. तिला मास्क, चष्मा, हातमोजे आणि गादीचं स्टूल. दोन हात मारले न मारले तोच ती थांबली आणि भावोजींकडे बघायला लागली. भावोजी रबरी पायांना मिठी मारून खोकत होते. पाय बिचारे लटलट हलत होते.

मुलगी ताडकन उठली. “यांना मास्क का नाही?”

“त्यांना सवय आहे, मॅडम,” मॅनेजर म्हणाला.

“सवय? अहो, हा माणूस किती खोकतोय बघा! आणि तुम्ही त्यांना असं उघड्या तोंडाने बसवता? लाज नाही वाटत?” तिने फोन वर धरला. “आत्ताच्या आत्ता मास्क द्या. नाहीतर हा व्हिडिओ सगळीकडे जाईल.”

मॅनेजरशी एवढ्या चढ्या आवाजात बोललेलं या खोलीने कधी ऐकलं नव्हतं. घासणं बंद पडलं. मॅनेजर पळत गेला, पळत आला, आणि त्याने स्वतःच्या हाताने भावोजींच्या कानांमागे मास्क अडकवला.

मेहुण्याला एरवी चेष्टेशिवाय काही बोलता यायचं नाही. आज त्याने हात जोडले.

“ताई, फार उपकार झाले. आमच्यासाठी आजवर कुणी एवढं भांडलं नव्हतं.”

“उपकार कसले त्यात?” मुलगी स्टूल भावोजींपासून जरा लांब सरकवत म्हणाली. “मला ना, कुणाचाही खोकला लगेच लागतो.”