तिथं जाण्यासारखं काही नाही

पँटच्या पायावर पांढरी रेघ दिसली, तेव्हाच लॉन्ड्रीवाल्यानं ओळखलं की दातांचे डॉक्टर समुद्रावर जाऊन आलेत.

डॉक्टर काउंटरवर रेलून कौतुक सांगत होते. लहानसं गाव, गर्दी नाही, गोंगाट नाही, चार दिवसांत माणूस माणसात येतो. तुम्ही दोघंही एकदा जाऊन याच, म्हणाले. निघता निघता आणखी एक सांगितलं. तिथं एक होडी बांधणारा आहे, उंचापुरा, सदा हसतमुख. त्यानं स्वतः होडीतून फिरवून आणलं आणि वर पैसेही घेतले नाहीत.

मागच्या टेबलावर लॉन्ड्रीवाल्याची बायको इस्त्री करत होती. तिचा हात थांबला. कापड करपायच्या आत पुन्हा चालू झाला, पण क्षणभर थांबला होता, एवढं खरं. लॉन्ड्रीवाल्यानं ते बरोबर टिपलं.

ते गाव तिचं माहेर. आईवडील गेल्यापासून तिथं कुणी उरलं नव्हतं, आणि लग्नानंतर ती एकदाही गेली नव्हती, कारण यानं नेलीच नव्हती. होडीवाल्याचं तिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सरळ सांगून टाकलं होतं. त्यानं मागणी घातली, वडील नाही म्हणाले, विषय संपला. तिचा संपला असेल, याचा त्या दिवशी सुरू झाला. खरं बोलली, एवढाच काय तो बाईचा गुन्हा.

डॉक्टर गेल्यावर त्यानं पँट हिरव्या बादलीत, नुसत्या पाण्यात बुडवली. हे तिनंच शिकवलेलं. समुद्रात भिजलेल्या कपड्याला लगेच साबण लावायचा नाही, फेस धरत नाही. आधी गोड्या पाण्यात ठेवायचा. मग पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचं आणि खारट लागेनासं होईपर्यंत पाणी बदलत राहायचं. हिरवी बादली तेवढ्यासाठीच होती. दुसरं काही त्यात घालायचं नाही, हा तिचा दंडक.

"जाऊ या का आपण एकदा?" तिनं विचारलं.

"काय ठेवलंय तिथं?"

"समुद्र," ती म्हणाली आणि पुढचा शर्ट ओढून घेतला.

त्याच्या अंगाची लाही लाही झाली. समुद्र म्हणे! एवढी वर्षं समुद्र आठवला नाही, होडीवाल्याचं नाव निघालं आणि आठवला. पण बायकोला नाही म्हणावं तर तिला कळणार की आपण जळतोय, आणि ते तर त्याला मेल्याहून मेल्यासारखं. मग त्यानं तोडगा काढला. आधी मी बघून येतो, म्हणाला, राहण्यासारखं असलं तर तुला नेईन. दोन दिवसांचाच प्रश्न आहे.

खरं तर त्याला समुद्र बघायचाच नव्हता. त्याला तो माणूस बघायचा होता.

डॉक्टरांची पँट धुऊन, पोचवून तो बसला बसमध्ये. अर्ध्या वाटेवर मोठ्या गावाच्या स्टँडवर गाडी थांबली. बाहेर सावली होती, आणि खिडकीच्या काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसलं. टक्कल, सुटलेली हनुवटी, सोड्यानं सोलवटलेली बोटं. पुढं तो उंचापुरा हसत समोर आला तर? आणि आपल्यालाही फुकट फिरवून आणतो म्हणाला तर? तो पिशवी उचलून खाली उतरला. स्टँडसमोरच्या लॉजवर दोन दिवस पंख्याकडे बघत पडला आणि थाप कशी मारायची ते मनात घोळवत राहिला.

घरी येऊन त्यानं सगळं साग्रसंगीत सांगितलं. किनाऱ्यावर चिखल, वाऱ्याला कुजका वास, खाटेत ढेकूण, आणि बोलायला कुत्रं नाही. ती शांतपणे ऐकत कॉलरवर पाणी शिंपडत होती.

"आणि तो तुझा होडीवाला," तो तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "गेला बिचारा. डॉक्टर परत आले त्याच आठवड्यात. ताप आला आणि गेला."

"कोण म्हणालं?"

"बंदरावर सगळेच म्हणत होते."

"अरेरे," ती म्हणाली.

एवढंच. डोळ्यांतून टिपूस नाही, हातही थांबला नाही. शर्टाची घडी घालून तिनं ठेवली आणि म्हणाली, "बरं झालं, तुम्ही जाऊन आलात. राहू दे आता. तिथं जाण्यासारखं काही नाही."

त्याचा जीव भांड्यात पडला. सुंठीवाचून खोकला गेला होता.

दाढी करायला गेला तर समोरचा न्हावी म्हणाला, दोन्ही दिवस तुमचं दुकान बंद, गिऱ्हाइकं मला विचारून बेजार. घरी येऊन त्यानं बायकोला विचारलं, तर डोकं दुखत होतं म्हणाली, उठवतच नव्हतं. तो मनातून फुलला. आपण दोन दिवस नाही तर हिला दुकान उघडवत नाही, आणि आपण खुळ्यासारखे मेल्याला मारत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी ती कपडे पोचवायला गेली, तेव्हा तो चक्क शीळ घालत होता. आज तिच्या वाटचं धुणंही आपणच उरकू या, असं त्याच्या मनात आलं. बाह्या सारून तो मोरीत गेला. कोपऱ्यात हिरवी बादली भरलेली होती. त्यानं कपडा वर उचलला. तिची निळी साडी, ठेवणीतली.

बघा, स्वतःचाच दंडक विसरली, एवढं डोकं दुखत होतं बिचारीचं. त्याला तिची मायाच आली. साडी परत बुडवून त्यानं साबणाकडे हात नेला, आणि त्याआधी, इतक्या वर्षांच्या सवयीनं, ओलं बोट जिभेला लावलं.

पाणी खारट होतं.