जास्तीचे पॉइंट

“एका खोलीत सहा पॉइंट? महरूस, नवरदेवाला संसार थाटायचाय की पिठाची गिरणी?” झकी वायरमनने पेन्सिल कानामागे खोचली आणि प्लास्टर न झालेल्या भिंतीला पाठ टेकली.

“सहाच. आणि पलंगाशी एक बटण वेगळं,” महरूस म्हणाला. “पडल्या पडल्या दिवा बंद करता आला पाहिजे.”

“ठेकेदाराच्या अंदाजात खोलीला एक दिवा, एक प्लग. बाकी सगळं जास्तीचं. आत्ताच सांगून ठेवतो, नंतर माझ्या नावाने बोंब मारायची नाही.”

इजिप्तमधल्या तांता शहराजवळच्या त्या गावात पोरगा जन्मला की बाप गच्चीवर लोखंडी सळ्या उभ्याच ठेवतो. आज ना उद्या तिथे पोराच्या लग्नासाठी मजला चढवायचा असतो. महरूसचा आणि त्याच्या धाकट्या भावाचा, बदवीचा मजला बापाने असाच घाम गाळून चढवला होता. या तिसऱ्या मजल्याचा भार मात्र दोघा भावांनी अंगावर घेतला होता, आणि महरूसला त्याचा कोण अभिमान! चहाच्या दुकानात कुणी विचारायची खोटी, गडी लगेच छाती फुगवून सांगायला लागायचा.

गुरुवारी नवरीकडचे लोक घर बघायला येणार होते. पसंत पडलं तर तिथेच फातिहा वाचून लग्न पक्कं, नाही तर आल्या पावली परत. नवरीकडचा सगळा कारभार रिफअतच्या हातात होता, आणि रिफअत म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. याआधीचं एक स्थळ त्याने स्वयंपाकघरात उजेड नाही म्हणून परत धाडलं होतं.

महरूसची बायको इन्साफ चहा घेऊन वर आली. मागोमाग बदवी.

“वहिनी, नवरदेव काय म्हणतात?” झकीने विचारलं.

“काय म्हणणार? एक दिवा पुरे म्हणतात. उगाच खर्च करू नका म्हणतात. लग्नाचं नाव काढलं की कबुतरांना दाणे टाकायला पळतात,” इन्साफ हसली. “त्यांचं ऐकशील तर कंदील लावून संसार करतील. तू माझं ऐक. खिडकीशी एक पॉइंट काढ, नवरीचं शिवणाचं मशीन तिथे बसेल. जिन्याच्या प्रत्येक वळणावर दिवा. आणि न्हाणीघराकडे जायच्या बोळात एक लहानसा दिवा, रात्रभर जळणारा.”

“रात्रभर? नव्या जोडप्याला उजेड कशाला गं लागतो?”

“चावट मेला! तू गुमान वायरी ओढ.”

बदवीला ठसका लागला. हसू आवरल्यावर झकीने भिंतीवरच आकडेमोड केली. बेरीज बघून बदवीचं हसू मावळलं.

“अरे देवा! एवढ्यात माझी मोटरसायकल येते.”

“येते की,” महरूस म्हणाला. “पुढच्या वर्षी घे.”

“मग हे जास्तीचे दिवेच पुढच्या वर्षी लाव.”

“आणि रिफअतला गुरुवारी काय दाखवू? पुढचं वर्ष? शिवाय प्लास्टर झाल्यावर भिंत फोडायची म्हणजे दुप्पट भुर्दंड. विचार झकीला.”

झकीने मान डोलावली. बदवी खिडकीच्या भगदाडातून खाली बघत राहिला.

“माझ्या लग्नात मजल्याचा खर्च मला कुणी विचारला होता?” तो शेवटी म्हणाला. “या महिन्याची भिशी मला लागली आहे. ती धर. मोटरसायकल कुठे पळून जात नाही.”

महरूसला भावाचा फार अभिमान वाटला. “गाढवा,” एवढंच म्हणून त्याने बदवीच्या पाठीत एक धपाटा घातला.

गुरुवारी रिफअत आला. सोबत त्याचा मामा. नवरदेव कडक इस्त्रीचा झब्बा घालून खाली ओट्यावर बसले होते. त्यांना सलाम करून दोघं वर चढले. रिफअत प्रत्येक बटण दाबायचा, वर बघायचा, पुढच्या खोलीत जायचा. स्वयंपाकघरात तर तो इतका वेळ उभा राहिला की महरूसने पुढे होऊन तिथलं बटण पुन्हा दाबून दाखवलं. आता हा माणूस काहीतरी खोट काढणार आणि नवरदेव पुन्हा कधी लग्नाचं नावही काढू देणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“हे सगळं ठेकेदाराने दिलं?” रिफअतने विचारलं.

“छे! निम्म्याहून जास्त आम्ही घेतलं. दोघा भावांनी.”

“नवरदेवांनी मागितलं?”

“ते तर नको नको म्हणत होते. आम्ही ऐकलं नाही.”

रिफअतने मामाकडे पाहिलं. मामाने मान हलवली. मग रिफअत पहिल्यांदा हसला आणि त्याने हात पुढे केला.

“जिथे नवरदेवाची एवढी हौस होते, तिथे आमच्या माणसाचे हाल होणार नाहीत. बोलवा त्यांना. फातिहा वाचू.”

इन्साफने आनंदाने अशी किलकारी मारली की गच्चीवरची कबुतरं फडफडत उडाली. बदवी रडतोय की हसतोय ते कळेना. महरूस धावत जिन्याशी गेला, कठड्यावरून वाकला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, “बाबा, या वर! रिफअतभाऊ त्यांची आई तुम्हाला द्यायला तयार झालेत!”