छप्पन्न नावांची भिंत

“अजूनही वेळ गेलेली नाही. नागपूरहून स्टिकर कापून आणतो,” कुंदन म्हणाला. “हातानं लिहिलं आणि चुकलं, तर भिंत बिघडेल.”

“स्टिकर नको,” नीलम नवऱ्याला म्हणाली. “ही भिंत सूर्यभानकाकाच लिहितील.”

अमरावतीच्या अंबापेठेतलं त्यांचं ‘ठसा’ हे डिझाइनचं दुकान तीन दिवसांनी पंधरा वर्षांचं होणार होतं. खाली लग्नपत्रिका, पाकिटं, दुकानांची बोधचिन्हं. वरच्या हॉलमध्ये प्रदर्शनं. सुरुवातीला लोक जिना चढायचे ते पत्रिकांचा भाव विचारायलाच. मग वलगावच्या सुंदराबाईंच्या गोधड्या लागल्या. नांदगाव पेठेतल्या कापड कारखान्यांच्या उरलेल्या चिंध्यांची चित्रं लागली. अकोल्याच्या आकांक्षाची मातीची भांडी लागली, तेव्हा रांग जिन्यावरून रस्त्यावर आली होती. त्या रांगेचा फोटो नीलमने गल्ल्यामागे लावला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती तो दाखवायची.

आजवर पंचावन्न जणांनी इथे आपलं काम मांडलं होतं. त्यांची नावं हॉलच्या दारासमोरच्या पांढऱ्या भिंतीवर अकारविल्हे, कायमची लिहायची, असं तिने ठरवलं. छप्पन्नावं नाव तिने फक्त कुंदनला सांगून यादीत घातलं. सूर्यभान तायडे.

पंधरा वर्षांत ‘ठसा’वर फ्लेक्स कधी चढला नव्हता. दुकानाचा पहिला बोर्ड सूर्यभानांनी हाताने रंगवलेला, आणि नंतरच्या प्रत्येक प्रदर्शनाचाही. फ्लेक्स आल्यावर गावातले बाकीचे पेंटर अक्षरं सोडून घरांना रंग द्यायला लागले. सूर्यभान हटले नाहीत. पण बोर्डाच्या कोपऱ्यात त्यांची सही कधीच नसायची.

“सही काहून नाही करत, काका?” नीलमने एकदा विचारलं होतं.

“दुकान तुह्यं, काम त्यायचं. माह्यं नाव कायले?”

या माणसाचं नाव एकदा तरी त्याच्याच हातून लिहून घ्यायचं, हे तिच्या मनात तेव्हाच बसलं होतं.

सत्तरी ओलांडलेले सूर्यभान सकाळी सायकलवरून आले. “यादी मोठ्या अक्षरात छापून दे वं. डोये आता पयल्यासारखे नाही राहिले,” म्हणाले. नीलमने छापून दिली. त्यांनी कागद भिंतीला चिकटवला, खडू लावलेल्या दोरीने रेघा पाडल्या आणि थेट ब्रश टेकवला.

दुपारी कुंदन वर आला तो काहीतरी बोलायलाच. पण भिंतीवरचा ‘ळ’ दिसला तसा तो जवळ जाऊन वाकून बघायला लागला.

“असं वळण मशीनमधून नाही निघणार,” तो म्हणाला. स्टिकरचा विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी सुंदराबाईंचं नाव पुरं झालं. पुढचं सूर्यभानांचं स्वतःचं. नीलम कपाटाच्या आडून बघत होती. आता हात थांबेल, काका वळतील, ‘हे काय वं पोरी?’ म्हणतील.

तसं काहीच झालं नाही. ब्रश ‘सू’वरून पुढे सरकला, ‘र्य’वर रफार झोकात चढला, आणि काका त्याच वेगाने खालच्या नावाकडे वळले.

नीलम हिरमुसली. मग तिला वाटलं, केवढा मोठा माणूस! स्वतःचं नावही चारचौघांच्या नावासारखंच लिहून मोकळा होतो.

कार्यक्रमाला तासभर उरला असताना कुंदन ओरडला, “नीलम, आकांक्षाचं नाव! ‘आकांशा’ झालंय!”

नीलमने यादी पाहिली. चूक तिचीच होती, टाइप करतानाची.

“काका, तुमच्या ध्यानात नाही आलं?” कुंदनने विचारलं.

सूर्यभानांनी मान ताठ केली. “जसं देल्लं तसं लिवलं. गिऱ्हाइकाच्या अक्षरात आपन हात घालत नाही. चाळीस वर्सं झाले, एकानं बोट नाही दाखवलं.”

कुंदनने बरोबर नाव कागदावर काढून दिलं आणि भिंतीवरच्या चुकलेल्या अक्षरावर बोट ठेवलं. सूर्यभानांनी तिथे पांढरा रंग दिला, टेबलफॅन लावून वाळवला, आणि ‘शा’च्या तेवढ्याच जागेत ‘क्षा’ असा बसवला की शेजारच्या अक्षराला धक्का लागला नाही. त्यांनी ब्रश उचलला तेव्हा पाहुणे जिना चढत होते.

आकांक्षा अकोल्याहून आईवडिलांना घेऊन आली होती. आपल्या नावाशी उभं राहून तिने त्यांच्यासोबत चार फोटो काढले. सुंदराबाईंनी फीत कापली. नीलम बोलायला उभी राहिली.

“या भिंतीवर आमचे पंचावन्न कलावंत आहेत असं तुम्हाला वाटत असेल. छप्पन्न आहेत. छप्पन्नावे आमचे सूर्यभानकाका. मी त्यांना न सांगता त्यांचं नाव यादीत घातलं, त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि मोठेपणा असा की मला एका शब्दाने बोलले नाहीत.”

टाळ्या थांबेनात. सुंदराबाई उठून उभ्या राहिल्या, मग सगळा हॉल उभा राहिला. सूर्यभान भिंतीकडे वळले. वरपासून खालपर्यंत बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

लोक भांडी आणि गोधड्या बघायला पांगले, तरी ते भिंतीसमोरच होते. नीलम जवळ गेली.

“आवडलं ना, काका?”

“लय झाक काम झालं. असं काम अख्ख्या अमरावतीत नाही,” छाती काढून ते म्हणाले. मग आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

“आता येवढं सांग पोरी, यातलं माह्यं नाव कोनतं हाय?”