सहाव्या दिवसाचा रस्ता

“घ्या, सही करा भावजी. दुपारची पोस्ट चुकायला नको.”

उल्कानं कागद सतीशपुढे सरकवला आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं. सतीशचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून त्याची जबानी तिनंच लिहून काढली होती. त्यानं फक्त डाव्या हातानं सही ठोकायची. सॉलिसिटर त्या जबानीचं फ्रेंच भाषांतर करून फ्रान्सच्या पोलिसांना धाडणार होता. अपघात पाहिलेली माणसं तीनच. एक सतीश. दुसरा, गाडी चालवणारा फ्रेंच म्हातारा. आणि तिसरा उल्काचा नवरा, सतीशचा मित्र विष्णू, तो तर जागच्या जागी गेला. आज एकविसावा दिवस.

म्हातारा सत्याहत्तर वर्षांचा. दुधाचा धंदा करणारा कुणी शेतकरी. त्याचं म्हणणं, हे दोघंच रस्त्याच्या माझ्या बाजूला आले होते. हे ऐकल्यापासून उल्काच्या डोक्यात सणक गेली होती.

“माणूस मारला तो मारला, वर त्याच्याच नावावर बिल फाडतोय मेला! दिसत नाही तर घरी बसावं ना. मी त्याला कोर्टात उभा केल्याशिवाय राहायची नाही.”

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री शहरातली अख्खी मराठी मंडळी माना डोलवत ऐकून घ्यायची. रडायला तिला अजून सवडच झाली नव्हती.

तिचंही खरंच होतं म्हणा. बावीस वर्षं हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत काढलेली बाई ती. सायकलवाल्यांची काय दशा होते ते तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. विष्णूनं पन्नाशीत सायकलचं खूळ डोक्यात घेतलं तेव्हा तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. आणि गेल्या वर्षी तो म्हणाला, मी आणि सतीश आठ दिवस फ्रान्समध्ये सायकल चालवणार. झालं! खूप वादावादी झाली आणि शेवटी तिनं एकच अट घातली. रस्ते मी ठरवणार.

अख्खा हिवाळा डायनिंग टेबलावर नकाशे पसरलेले. जेवायचं मांडीवर ताटल्या घेऊन. नकाशात लाल रस्ते मोठे, पिवळे मधले, आणि पांढरे म्हणजे शेताशेतातून जाणारे, कुणी फिरकत नाही असे. उल्का भिंग घेऊन पांढरे रस्ते हुडकायची आणि रोजचं एक कार्ड लिहायची. कुठल्या चर्चपाशी वळायचं, पाणी कुठं मिळेल, सगळं.

“अगं, एखादी तरी गाडी दिसू दे मला,” विष्णू चिडवायचा. “फ्रान्समध्ये माणसं राहतात की नाही?”

सहाव्या दिवसावरून मात्र चांगलंच वाजलं. त्या दिवशी त्याला पिवळ्या रस्त्यानं जायचं होतं, वाटेत बाजाराचं गाव होतं म्हणून. तिनं तो खोडला आणि बत्तीस किलोमीटरचा पांढरा रस्ता घातला. दोन दिवस अबोला. मग विष्णूनं हात टेकले.

अपघात झाला तो त्याच रस्त्यावर. “एवढ्या ओसाड रस्त्यावर येऊन नेमका माझ्याच माणसाला धडकला,” उल्का म्हणायची. “याला काय म्हणायचं?”

सतीशनं कागद वाचायला घेतला. दुसऱ्या परिच्छेदात तो थांबला. तिथं लिहिलं होतं, ‘आम्ही रस्त्याच्या उजव्या कडेनं चाललो होतो.’ त्यानं पेन खाली ठेवलं.

“वहिनी, मला हे लिहून देता येणार नाही.”

“का? आठवत नाही का? डोक्याला मार बसला की होतं तसं. मी लिहिलंय ना सगळं.”

“सगळं आठवतंय. आम्ही डावीकडून चाललो होतो.”

उल्कानं कागद स्वतःकडे ओढला.

“तुम्ही त्या म्हाताऱ्याला वाचवताय?”

“त्यानं काय केलंय, वहिनी? वळणावर आम्हीच त्याच्या समोर होतो. आम्हाला चुकवायला त्यानं गाडी झाडावर घातली, तरी विष्णूला लागलीच. पाणी प्यायला थांबलो होतो, तिथून निघालो ते डावीकडून. विष्णू पुढे, मी मागे. नागपुरात डावीकडून, इथंही डावीकडून. जन्माची सवय. मलाही कळलं नाही.”

“खोटं!” तिचा आवाज फाटला. “रोज फोनवर सांगायचा मला तो. तिकडच्या रीतीनं उजवीकडून चालवायला जमलं म्हणून. पाच दिवस जमलं ना? मग सहाव्याच दिवशी दोघंही कसे विसरलात?”

सतीश उठला आणि एका हातानं कोट चढवायला लागला.

“जाऊ द्या वहिनी. चूक झाली एवढं खरं.”

उल्का दारात आडवी उभी राहिली.

“अर्धवट सांगायचं नाही, भावजी. माझा नवरा गेलाय. काय झालं त्या दिवशी?”

“नका विचारू.”

“बोला!”

सतीशनं खाली बघितलं.

“समोरून गाडी आली की उजवीकडे राहायची आठवण व्हायची, वहिनी. त्या दिवशी त्या रस्त्यावर सकाळपासून एकही आली नव्हती.”