लांब पल्ल्याचं भिंग

"कोनते पाखरं काढाचे हायेत तुले, मास्तर?" गुलाबरावाने विचारलं.

"मोर," सहदेव म्हणाला. ज्याला खोट्याची सवय नसते त्याचं खोटं असंच एका शब्दात आटोपतं.

गुलाबरावाच्या गच्चीवर, सतरंजीवर दोन झूम लेन्स मांडल्या होत्या. कुवेतच्या मेहुण्याने आणलेल्या. एक लांबुळकी, सत्तर ते दोनशे मिलिमीटरची, लांबचं ओढून जवळ आणणारी. दुसरी मुठीत मावेल अशी, पस्तीस ते सत्तरची, जवळून रुंद दृश्य घेणारी. सहदेव याच गावचा, चिखलीच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर. हौसेने फोटो काढायचा. त्याच्या जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी लागली होती. घेणार ती एकच, आणि सगळं तिनेच निभावून न्यायचं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. पण गुलाबराव काही देव नव्हता, विकायला त्याने एकच काढली होती.

मोराचं निव्वळ निमित्त. सहदेवला काढायची होती दोन गल्ल्या पलीकडची विहीर. विहीर गावाची, पण बौद्धपुऱ्यातल्या बायांनी ओट्याखाली घागरी मांडायच्या, दहा हात मागे जाऊन उभं राहायचं आणि वरून कुणी पाणी ओतेल याची वाट पाहायची. तालुक्याला जाऊन सहदेवने दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा साहेबाने विचारलं, पुरावा काय? फोटो लांबून, गुपचूप निघाला तर ठीक. कुणाला कळलं तर भर उन्हाळ्यात पुऱ्याचं पाणी बंद. त्याच्या आईने, तानाबाईने, सकाळीच बजावलं होतं, "काढाचा तं काढ, बापा. पन कोनाले दिसू नोको. तू जाशीन चिखलीले, घागर मले भराची हाय."

"लांबवाली लावून पाह्य न," म्हणत गुलाबरावाने स्वतःच आटे फिरवून ती लेन्स कॅमेऱ्यावर चढवली.

सहदेवने आधी इमानदारीने लिंबाच्या शेंड्यावर नजर धरली. मग कॅमेरा हळूच खाली आणला.

विहीर झपकन जवळ आली. ओट्यावर गुलाबरावाची आई शालूबाई बादली घेऊन उभी होती. रोज सकाळी ती पुऱ्यातल्या बायांना आपल्या हाताने पाणी ओतायची, पुण्य म्हणून. सगळं स्वच्छ दिसत होतं. पण मधली दहा हात जागा कुठे गेली? गच्चीवरून विहीर आणि बाया एका रेषेत येत होत्या, आणि लेन्सने मधलं अंतर गिळून टाकलं होतं. शालूबाई आणि त्याची आई खांद्याला खांदा लावून उभ्या दिसत होत्या, जशा काही सख्ख्या जावा. दुरून डोंगर साजरे म्हणतात. इथे अख्खं गावच साजरं झालं होतं. हा फोटो पाहून साहेब म्हणाला असता, वा, काय एकोपा आहे!

"घावला का मोर?" गुलाबरावाने विचारलं आणि कॅमेरा सरळ त्याच्या हातातून घेतला. कॅमेरा जिकडे वळलेला होता तिकडेच त्याने डोळा लावला.

"इकडं कुठं मोर हाय बे?"

"आवाज आल्ता," सहदेव म्हणाला.

गुलाबराव त्याच्याकडे रोखून पाहत राहिला. सहदेवने दुसरी लेन्स उचलली. "मले हे द्या."

"पस्तीसवाली? तिच्यातून मोर मुंगीएवढा दिसन."

"मोर राहू द्या. घरचेच काढीन फोटो."

गुलाबरावाचा चेहरा एकदम सैल झाला. "हे बराबर बोलला. घरचेच काढ."

सहदेवने पैसे दिले, लेन्स बदलली आणि कॅमेरा घेऊन जिना उतरला. लांबून जमत नाही म्हटल्यावर जवळ जाणं आलं, आणि जवळ जायची त्याला भीती वाटत होती. वाटेत दोनदा घराकडे वळावंसं वाटलं. वळला नाही.

विहिरीच्या बाजूला, बाभळीखाली तो थांबला. नवी लेन्स पस्तीसवर आणली. आता ओटा आला, घागरी आल्या, मधली मोकळी जमीन आली, आणि तिच्या पलीकडे बाया. जसं होतं तसं. तानाबाईने त्याला पाहिलं आणि मानेनेच नको-नको केलं.

तेवढ्यात शालूबाईचंही लक्ष गेलं. तिच्या हातातली बादली तशीच राहिली.

"कोन, तानाबाईचा मास्तर का? फोटू काढून राह्यला?"

बाया जागीच थिजल्या. आता खोटं बोलून भागणार नव्हतं.

"हाव, माय."

शालूबाईने डोक्यावरचा पदर नीट केला. तिचा चेहरा उजळला होता.

"मंग पानी वतताना काढ, बापा. उभ्या जन्माचं पुन्य हाय हे माहं." तिने बादली आणखी उंच धरली आणि बायांकडे पाहिलं. "अन् तुमी वो, अजून मांगं सरा. सावली पडते."

बाया मागे सरल्या. तानाबाईही सरली.

गच्चीवर गुलाबराव दोन्ही हात हलवत ओरडत होता, "माय, ठेव ते बादली! ठेव खाली!"

"थांब रे, पोरगा फोटू काढून राह्यला!" शालूबाईने हसत ओरडून सांगितलं आणि पाण्याची धार सोडली. सहदेवने बटण दाबलं.

"सारं आलं का रे त्याच्यात?" तिने विचारलं.

"हाव, माय," सहदेव म्हणाला. "सारं आलं."